यंत्र घ्यावं, पण माणसाच्या हाताखाली

नागाव, ता. अलिबाग

चि. मनू,


व्यसनात अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी तुमच्या कॉलेजने बायोफीडबॅकचं यंत्र घ्यावं का, असं तू विचारलं आहेस. घ्यावं, पण समुपदेशकाच्या हाताखाली. त्याच्या जागी नव्हे. तलफ आली की धडधड वाढते, तळवे घामेजतात, श्वास उथळ होतो. मुलाला मात्र एवढंच कळतं, की आत्ताच्या आत्ता हवं. बोटाला लावलेला सेन्सर तीच धडधड पडद्यावर दाखवतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की वेडीवाकडी रेघ लयीत येते आणि मुलगा ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. ‘माझ्या हातात काहीच नाही’ ही समजूत तिथे हलते. हे तर प्राणायामच झालं, असं कुणी म्हणेल. श्वास तोच आहे, खरं. पण प्राणायामाचा गुण यायला धीर लागतो आणि नशेत सापडलेल्या विशीतल्या मुलापाशी नेमका तोच उरलेला नसतो. पडदा काही मिनिटांत पुरावा देतो. सवय मुरली की यंत्र सुटलं पाहिजे. सुटत नसेल तर शिकवणंच फसलं, असं मी मानतो.

पुराव्याबद्दल मात्र कठोर राहा. १९८९ साली पेनिस्टन आणि कुलकोस्की यांनी बायोफीडबॅकचाच एक प्रकार, म्हणजे मेंदूच्या लहरींवर आधारलेलं प्रशिक्षण, मद्यपी माजी सैनिकांना दिलं. निष्कर्ष फार आशादायक होते, पण प्रशिक्षण मिळालेले रुग्ण अवघे दहा. अशाच प्रशिक्षणाच्या २००५ मधल्या अमेरिकी अभ्यासात १२१ व्यसनी रुग्ण होते. प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी ७७ टक्के वर्षभरानंतरही नशेपासून दूर होते, तुलनेच्या गटात ४४ टक्के. जाहिरातीत हे आकडे येतात. हे सगळे रुग्ण निवासी उपचार घेतच होते, प्रशिक्षण ही त्यात भर होती, हे मात्र येत नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र समुपदेशन, गटसभा, कुटुंबाचा सहभाग आणि पाठपुरावा यांवर उभं आहे. या कामाला पर्याय नाही.

मग यंत्राचा खर्च कशासाठी? उपचारानंतरच्या दिवसांसाठी. आपल्याकडे वाड्यांची कॉटेजेस झाली. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या बाटल्या उघडतात. बरा होऊन परतलेला मुलगा त्या कॉटेजेसवरून जाणारा रस्ता टाळू शकत नाही. तिथे यंत्र नसतं, शिकलेला श्वास असतो.

मात्र रोज दारू पिणाऱ्याला एकदम थांबवून यंत्रासमोर बसवू नकोस. त्यातून झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर. पोलिसांच्या भीतीने मुलं लपतात, म्हणून पालकांना सांग, की स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देतं. आणि यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक कॉलेजच्या फलकावर लाव.

तुझा,
मामा