मोबाईल ॲपमधील माहितीसाठ्याचे दोष : शोध आणि निवारण

ग्रामवाचनालयातील पुस्तकांची देवघेव किंवा शाळेची हजेरी मोबाईलवर नोंदविता यावी, या हेतूने अनेक विद्यार्थी व शिक्षक अँड्रॉइड प्रणालीसाठी लहानसे ॲप स्वतः तयार करून पाहतात. माहिती साठविण्यासाठी अशा पहिल्या प्रयत्नात बहुधा ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेसचा उपयोग केला जातो. रिचर्ड हिप यांनी २००० साली सिद्ध केलेल्या या डेटाबेसवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. त्यास स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. सारी माहिती फोनमधील एकाच फाइलीत राहते.

ॲप उघडताच बंद पडणे, ही नवशिक्याची पहिली अडचण होय. अशा वेळी संगणकावरील ‘लॉगकॅट’ ही खिडकी पाहावी. तेथे तांबड्या अक्षरांतील ओळींची रांग पाहून मन धास्तावते खरे. परंतु ‘कॉज्ड बाय’ या शब्दांनी आरंभ होणारी शेवटची ओळ, आणि स्वतःच्या फाइलीचे नाव व ओळक्रमांक दर्शविणारी ओळ, एवढ्या दोनच बहुधा कामाच्या असतात.

तक्ता निर्माण करणारी आज्ञा शब्दांचे तुकडे जोडून लिहिली जाते. ‘क्रिएट टेबल’ आणि तक्त्याचे नाव यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली नाही, तर ‘सिंटॅक्स एरर’ अशी सूचना तत्काळ मिळते. हा दोष सोपा. परंतु रकान्याचे नाव आणि ‘टेक्स्ट’ हा त्याचा प्रकार हेच एकमेकांस चिकटले, तर एसक्यूलाइट तक्रार करीत नाही. रकान्यास प्रकार असलाच पाहिजे असा त्याचा आग्रह नसल्याने ‘नावटेक्स्ट’ या नावाचा रकाना मुकाट्याने तयार होतो, आणि पुढे ‘नाव’ हा रकाना मागितला असता ‘नो सच कॉलम’ असे उत्तर येते. दोष एकीकडे व सूचना दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

याहून फसवी गोष्ट नोंद घालण्याच्या आज्ञेत आहे. ‘इन्सर्ट’ ही पद्धत अयशस्वी झाल्यास ॲप थांबत नाही. ती केवळ उणे एक हा आकडा परत देते. तो न तपासता पडद्यावर ‘नोंद झाली’ असे दाखविल्यास ग्रंथपाल निश्चिंतपणे पुस्तक देतो आणि नोंद मात्र कोठेच नसते. यास्तव परत आलेला आकडा प्रत्येक वेळी तपासावा, किंवा चूक होताच ॲपला थांबविणारी ‘इन्सर्ट ऑर थ्रो’ ही पद्धत वापरावी.

गोमंतकात वाचकांची नावे रोमी लिपीत भरताना आणखी एक अनुभव येतो. डिसोझा, डिकॉस्टा ही आडनावे इंग्रजीत लिहिताना ‘डी’ या अक्षरापुढे वरचा स्वल्पविराम देण्याची रीत आहे. आज्ञेत नाव थेट जोडले असल्यास डेटाबेस त्या चिन्हापाशीच नाव संपले असे समजतो आणि शोध फसतो. दोष आडनावाचा नाही. आज्ञेत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे व नाव वेगळे पुरवावे, म्हणजे ही अडचण उरत नाही. शिवाय कोणी मुद्दाम खोडसाळ मजकूर भरला तरी तो आज्ञा म्हणून चालत नाही.

सर्वांत मोठी हानी मात्र तक्त्यात बदल करताना होते. वाचनालयाने दूरध्वनीचा नवा रकाना मागितला, तो आज्ञेत लिहिला, तरी ‘नो सच कॉलम’ हीच सूचना येते. कारण ‘ऑन क्रिएट’ हा भाग फाइल प्रथम निर्माण होतानाच चालतो. जुनी फाइल फोनमध्ये आधीच असते. सरावाच्या फोनवर ॲप काढून पुन्हा बसविले की काम भागते. चालू वाचनालयात हाच उपाय केला, तर सर्व नोंदी ॲपबरोबरच जातात. तेथे आवृत्तिक्रमांक वाढवून ‘ऑन अपग्रेड’ या भागात ‘ऑल्टर टेबल’ ही आज्ञा द्यावयाची असते. पाठ्यपुस्तकी नमुन्यांत या ठिकाणी पुष्कळदा ‘ड्रॉप टेबल’ लिहिलेले असते. ते तसेच उतरवून घेतले, तर नवा रकाना मिळतो आणि जुना तक्ता त्यातील नोंदींसह पुसला जातो. म्हणून बदल बसविण्यापूर्वी डेटाबेस फाइलीची प्रत संगणकावर काढून घ्यावी. त्या प्रतीवर प्रथम पहिल्या आवृत्तीतून दुसरीत, आणि नंतर पहिलीतून थेट तिसरीत जाऊन पाहावे. कारण प्रत्येक वाचनालय मधली आवृत्ती घेतेच असे नाही.