घरात सामान किती दिवसांचे?



परवा चौथीच्या वर्गात मी एक प्रश्न विचारला, "तुमच्या घरात आत्ता सामान किती दिवसांचे आहे?" कुणी म्हणाले, "गुरुजी, महिन्याचे." कुणी म्हणाले, "आमच्याकडे ज्वारीची चार पोती आहेत, वर्षभर पुरते." मागच्या बाकावरून एक आवाज आला, "आमच्यात रोजच्या रोज आणतात." वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही. हा प्रश्न मला २०२० साली पडला होता, आणि माझे उत्तर साफ चुकले होते. ती हकिकत सांगतो. तिच्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळे आहे, तेव्हा वही घेऊनच वाचा.

तुमच्यापैकी कित्येक जण तेव्हा आईच्या कडेवर होते. कोरोना नावाच्या विषाणूची साथ जगभर पसरली होती. २४ मार्च २०२०, मंगळवार, रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी जाहीर केले की मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सारा देश बंद. म्हणजे २५ मार्च ते १४ एप्रिल. (पुढे ही टाळेबंदी वाढतच गेली, पण त्या रात्री आम्हाला एकवीसच ठाऊक होते.) दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा! एसटी बंद, आठवड्याचा बाजार बंद, शाळा तर आधीच बंद झालेली.

किराणा आणि औषधाची दुकाने चालू राहतील असे सांगितले होते. पण ते ऐकून घेण्याइतके भान कुणाला! भाषण संपते न संपते तोच मी पिशवी घेऊन दुकानाकडे पळालो. बघतो तो अर्धा गाव तिथे. अंगाला अंग लावून उभा! ज्या रोगात माणसाने माणसापासून लांब राहायचे, त्याच्या भीतीने सगळे एकमेकांना चिकटलो होतो. माझा नंबर आला. मी पाच किलो साखर घेतली. आमच्या घरात माणसे पाच. रोज शंभर ग्रॅम साखर लागते. म्हणजे ती पन्नास दिवसांची झाली. माझ्या मागे वीटभट्टीवर काम करणारी एक बाई उभी होती. ती रोज संध्याकाळी मजुरी मिळाली की पावशेर साखर, दहा-वीस रुपयांचे तेल असे नेई. दुकानदार तिला म्हणाला, "बाई, साखर संपली."

मी ते ऐकले आणि घरी आलो.

रात्री झोप लागेना. पाडव्याला सकाळी गुढी उभारली आणि अडीच किलो साखर नेऊन तिला दिली. तिने ती घेतली. काही बोलली नाही. मलाही काही बोलायला सुचले नाही.

आता आमच्या घरचे गणित पाहा. पाडव्याच्या दुपारी मी वही काढली आणि मोठ्या ऐटीत हिशेब मांडला. ज्वारी ६० किलो, रोजची दीड किलो, म्हणून ४० दिवस. गोडेतेल तीन लिटर, रोजचे १०० मिलिलिटर, म्हणून ३० दिवस. तूरडाळ पाच किलो, रोजची पाव किलो, म्हणून २० दिवस. साखर उरली अडीच किलो, २५ दिवस. मीठ भरपूर. घरची गाय, त्यामुळे दुधाचा प्रश्न नाही. मी आईला म्हणालो, "आई, काही काळजी नाही. डाळीला एक दिवस कमी पडतो, तेवढे पिठले करू. एकवीस दिवस आपण उंबऱ्याबाहेर पाऊल नाही टाकले तरी चालेल." आई 'बरं' म्हणाली.

तुम्हाला या हिशेबात चूक सापडते का? थांबा, लगेच पुढे वाचू नका.

२ एप्रिलला रामनवमी होती. सकाळी आई गायीला पाणी दाखवायला गेली आणि हौदापाशी भोवळ येऊन खाली बसली. हौदाचा कोपरा तिच्या डोक्यापासून वीतभर लांब राहिला. उपकेंद्राच्या सिस्टर तोंडाला फडके बांधून आल्या, त्यांनी रक्तदाब मोजला. १८०! आईला रक्तदाबाची गोळी रोज सकाळी एक असे. सिस्टरनी विचारले, "गोळ्या चालू आहेत ना?" आई गप्प. मग तिने हळदीकुंकवाचा करंडा पुढे केला. त्यात कागदाच्या पुडीत सहा अख्ख्या गोळ्या आणि एक अर्धी.

"आई, ही अर्धी कशी?"

"आरं, अकराच व्हत्या. एकवीस दिस गाडी न्हाई. अर्धी अर्धी घेतली तर बावीस दिस जात्यात. तुला कशाला घोर?"

आई दुसरीपर्यंत शिकलेली. तिचे गणित बघा : अकरा गोळ्या, दोन भाग केले तर बावीस, टाळेबंदीचे दिवस एकवीस, वर अर्धी शिल्लक. एका मार्काचीही चूक नाही. नऊ दिवसांत तिने नऊ अर्ध्या घेतल्या, म्हणून बावीसातून नऊ गेल्या, राहिल्या तेरा अर्ध्या, म्हणजे साडेसहा. करंड्यात बरोबर तेवढ्याच होत्या. पण औषध म्हणजे साखर नव्हे. चहात अर्धी साखर घातली तर चहा अगोड होतो, एवढेच. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना न विचारता अर्धी केली तर रक्तदाब वर चढतो, आणि पुढे अर्धांगवायूचासुद्धा धोका असतो.

आणि शाळेत गणित शिकवणारा तिचा मुलगा! त्याने ज्वारी मोजली, तेल मोजले, आणि गोळ्या मोजल्याच नाहीत. माझ्या वहीत आकडे होते ४०, ३०, २५, २०. खरा आकडा होता ११. घरात सामान किती दिवसांचे, याचे उत्तर सर्वांत मोठ्या आकड्यात नसते. सर्वांत लहान आकडा शोधायचा. चाळीस दिवसांची ज्वारी घरात असली तरी बाराव्या दिवशी मला बाहेर पडावेच लागणार होते.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, उद्यापासून रोज पूर्ण गोळी द्या. राहिलेल्या भरून काढायला म्हणून दोन-दोन देऊ नका. आणि नव्या गोळ्या आजच आणा. तालुका अकरा किलोमीटर. माझ्या मोटारसायकलची टाकी कोरडी, आणि पंपावर पेट्रोल फक्त अत्यावश्यक कामाच्या लोकांना. शेजारच्या तात्यांकडे फवारणीच्या पंपासाठी ठेवलेले अर्धा लिटर पेट्रोल होते. त्यांनी ते बाटलीतून आणून दिले. माझी गाडी लिटरला पन्नास किलोमीटर जाते. जाऊन येऊन बावीस किलोमीटर. किती पेट्रोल लागले, किती उरले, ते तुम्हीच काढा.

नाक्यावर पोलिसाने अडवले. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी दाखवली, त्याने सोडले. औषधाच्या दुकानापुढे चुन्याचे गोल आखले होते, एका गोलात एक माणूस. माझ्या वेळी दुकानदार म्हणाला, "ह्या कंपनीच्या नाहीत." माझ्या पोटात गोळाच आला. मग त्याने दुसरी पट्टी काढून दाखवली. मुलांनो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पट्टीवर कंपनीने ठेवलेले नाव असते आणि त्याच्याजवळ मूळ औषधाचे नाव व प्रमाण असते. आईच्या पट्टीवर होते, अम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. नव्या पट्टीवरही तेच. फोनवर डॉक्टरांना विचारून खात्री केली आणि घेतली. मी साठ मागितल्या. त्याने तीसच दिल्या. "गुरुजी, मागे रांग आहे," म्हणाला. मला वीटभट्टीवरची बाई आठवली.

घरी आलो तर तात्या ओट्यावर वाट बघत बसलेले. तोंडाने विचारवेना, पण हातात मधुमेहाच्या गोळ्यांची रिकामी होत आलेली पट्टी. चार दिवसांच्या राहिल्या होत्या! ज्यांचे पेट्रोल घालून मी गेलो, त्यांनाच विचारायचे मला सुचले नव्हते. पुन्हा पेट्रोल मिळवा, पुन्हा नाका, पुन्हा रांग. दोन दिवस त्यातच गेले. माझ्या आयुष्यातल्या शरमेच्या गोष्टी मोजायच्या झाल्या तर ही वरच्या नंबरात येईल.

त्यानंतर आमच्या आळीतल्या पाच घरांनी ठरवले की जायचे तर एकाने, आणि पाचही घरांचे विचारून. पूर्वी रोज प्रत्येक घरातून कुणी ना कुणी दुकानात जाई. पाच घरे, सात दिवस, पस्तीस फेऱ्या. प्रत्येक फेरीत सहा माणसे भेटतात असे धरले तर दोनशे दहा गाठीभेटी. आता आठवड्यात दोनच फेऱ्या, म्हणजे गाठीभेटी बारा. जाणारा माणूस तरुण, खोकला-ताप नसलेला. बहुतेक वेळा मीच. प्रत्येक घराची यादी वेगळी, पैसे वेगळे. परीक्षेचे जुने लिफाफे घरात होते. त्यांवर नाव घालून आत यादी आणि पैसे ठेवत असू, आणि उरलेली मोड लिफाफ्यावर लिहून परत. तालुक्याला गेलो की आधी औषधे, मग बँक, मग किराणा. भाजी सर्वांत शेवटी, नाहीतर ओझ्याखाली मेथीची चटणी होते!

आता पैशांचे. टाळेबंदी लागली तेव्हा माझ्या घरात ६,४०० रुपये होते. ऐकायला बरे वाटते. पण त्यात दोन हजारांच्या तीन नोटा आणि शंभराच्या चार. दुकानात शंभर-सव्वाशेची खरेदी, दुकानदाराकडे सुटे नाहीत. म्हणजे पाहायला गेले तर माझ्या हातात चारशेच रुपये होते! इथेही सर्वांत लहान आकडाच खरा ठरला. शेवटी एक नोट दुकानदाराकडे ठेवली आणि वहीत लिहिले, 'जमा २,०००', आणि खरेदी होईल तसतसे वजा करत गेलो. दोघांच्या दोन वह्या, दोन्हींत सारखीच नोंद, म्हणून भांडण झाले नाही. दोन हजारांच्या नोटा चलनातून काढून घेण्याचे रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी जाहीर केले. आता तीच अडचण पाचशेच्या नोटेची. हल्ली आपल्या दुकानातही फोनवरून पैसे घेतात, पण वादळात वीज गेली, रेंज गेली, की काय करायचे? मी घरात महिन्याच्या अगदी गरजेच्या खर्चाइतके पैसे ठेवतो, निम्मे शंभराच्या आत. आणि ते कुठे ठेवले आहेत हे घरातल्या दोन मोठ्या माणसांना सांगून ठेवतो. पलीकडच्या काकूंनी नोटा डाळीच्या डब्यात लपवल्या होत्या. घरातल्या कुणालाच ठाऊक नाही. सुनेने डाळ धुवायला घेतली तेव्हा सापडल्या!

नोटांवरून आठवले. रोग नोटांवरून येतो या भीतीने मी एकदा नोटा साबणाने धुऊन दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. शंभराची एक फाटली. (फाटकी नोट बँकेत बदलून मिळते, म्हणून वाचलो.) आता आपल्याला ठाऊक आहे की हा रोग मुख्यतः श्वासातून पसरतो, कोंदट जागेत, जवळ उभे राहून बोलण्याने. वस्तूंवरून फार थोडा. म्हणजे खरा धोका त्या पहिल्या रात्रीच्या दुकानातल्या गर्दीत होता, नोटेत नव्हे. हात मात्र साबणाने धुवावेतच. या विषाणूला चरबीचे पातळ वेष्टन असते, ते साबण फोडतो. तेलकट वाटी नुसत्या पाण्याने धुवा, मग साबण लावून धुवा, फरक दिसेल. वीस सेकंद चोळायचे.

तात्यांच्या आईंचे जनधन खाते होते. एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने सरकारने महिलांच्या त्या खात्यांत दरमहा ५०० रुपये घातले. बँकेत गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले होते. पण आजी ऐंशीच्या पुढच्या, जाणार कशा? तेव्हा पोस्टमन यंत्र घेऊन दारात आले. आधारचा नंबर घालायचा आणि बोट टेकवायचे, की पैसे हातात. आजींचा अंगठा काही केल्या उठेना. जन्मभर खुरपे धरून रेषा झिजलेल्या! शेवटी अनामिकेने काम केले. आजींनी पाचशेची नोट हातात घेतली आणि पोस्टमनलाच विचारले, "मोड हाय का, बाबा?"

आता तुमचे काम. आज घरी गेल्यावर आईजवळ बसा. पीठ, तेल, डाळ, मीठ, गॅस किंवा सरपण, गुरांची पेंड, आणि आजी-आजोबांची औषधे, यांतले प्रत्येक किती आहे आणि रोज किती लागते ते विचारून लिहा. भागाकार करा. गोळ्यांना स्वतः हात लावू नका, मोठ्यांना मोजायला सांगा. तुमच्या घरचा सर्वांत लहान आकडा कोणता निघाला आणि तो कशाचा, ते उद्या परिपाठानंतर फळ्यावर लिहायचे आहे. ज्यांच्या घरी रोजच्या रोज आणतात त्यांनी '१' लिहावा आणि मला येऊन भेटावे.

आमच्या घरचा आकडा मी विचारायची गरज पडत नाही. पट्टीत दहा राहिल्या की आई अंगणातूनच हाक मारते, "आरं, धा राह्यल्या!"