रसायनशास्त्र घेऊन मुलाने पुढे करावे काय?

बारावीचा व नीटचा निकाल हाती पडून वैद्यकीय प्रवेशाची आशा मावळली, की बुलढाणा जिल्ह्यातील कित्येक घरांत वरील प्रश्न मोठ्या काळजीने विचारला जातो. अशा पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या नजरेस वनस्पतींतील द्रव्ये शोधून मोजण्याची एक भारदस्त विद्या आणून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत, तर देऊळगाव राजाच्या मुलखात डाळिंब पिकते. फळ खाऊन जी साल आपण उकिरड्यावर टाकतो, त्याच संत्रासालीतून १८२८ साली लेब्रेटन या फ्रेंच संशोधकाने हेस्पेरिडिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि त्यापासून तयार होणारे डायोस्मिन आज मूळव्याधीवरील गोळ्यांत वापरले जाते.

प्रयोगशाळेत साल सावलीत वाळवून, दळून तिचा अर्क काढतात. संत्रासालीच्या अर्कात मॅग्नेशियमचा तुकडा व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब पडताच तांबूस छटा चढली, तर फ्लॅव्होनॉइड वर्गाची द्रव्ये असल्याचा संकेत मिळतो. डाळिंबसालीचा अर्क फेरिक क्लोराइडने निळसर काळा पडला, तर टॅनिन. परंतु रंग दिसणे हा पुरावा अपुरा असतो. द्रव्य नेमके कोणते व किती, याचा निवाडा एचपीएलसीसारखी यंत्रे करतात. बागेत फवारलेल्या कीटकनाशकाचा अंशही बहुधा सालीतच अधिक राहत असल्यामुळे, गुणाइतकाच दोषही मोजून दाखवणे हे विश्लेषकाचे कर्तव्य ठरते.

या विद्येकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. पहिली बी.एस्सी.ची: बुलढाण्याचे जिजामाता महाविद्यालय किंवा खामगावचे गो. से. महाविद्यालय येथे रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवावी आणि पुढे सेंद्रिय अथवा वैश्लेषिक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करावे. दुसरी बी.फार्म.ची: एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांचा हा अभ्यासक्रम चिखलीच्या अनुराधा औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातही करता येतो, त्यास गणित वा जीवशास्त्र यांपैकी कोणताही विषय चालतो, आणि पुढे जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन फार्माकोग्नॉसीत, म्हणजे नैसर्गिक औषधद्रव्यांच्या शास्त्रात, एम.फार्म. करता येते. शेजारच्या जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र २०१८ पासून सुरू आहे, हेही ध्यानात असावे. औषध कारखान्यांतील गुणवत्ता विभाग, अन्नपरीक्षण प्रयोगशाळा, अन्न व औषध प्रशासन आणि संशोधनसंस्था येथे अशा माणसांची गरज असते.

मात्र नुसत्या बी.एस्सी.वर थांबल्यास आरंभीचा पगार बेताचाच मिळतो. यास्तव पुढील दोन वर्षांच्या खर्चाची तजवीज घरात आधीच करून ठेवावी. आणि मुलाची पात्रता केवळ गुणपत्रिकेवरून न ठरवता त्याची प्रयोगवही उघडून पाहावी. अपेक्षेशी न जुळलेला आकडाही ज्याने खाडाखोड न करता जसाच्या तसा उतरवला आहे, त्यास या वाटेवर निःशंक मनाने पाठवावे.