कोंबडीचे नाणे

मंडळी, माझ्यापुढे टेबलावर एक नाणे आहे. ते काशाचे आहे. आकाराने ते जुन्या चांदीच्या रुपयाएवढे आहे. त्याच्या एका बाजूस कोंबडी आहे आणि तिच्याभोवती पिले आहेत. दुसऱ्या बाजूस हार्प नावाचे तारांचे वाद्य आहे. राजाचे तोंड कोठेच नाही.

हे नाणे आयर्लंडचे. युरोपच्या पश्चिमेला समुद्रात एक बेट आहे. त्या बेटाच्या मोठ्या भागावर हा देश आहे. माझा एक जुना विद्यार्थी बोटीवर खलाशी होता. डब्लिन शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्याने हे नाणे आणले. म्हणाला, "गुरुजी, आपल्या अंगणातली कोंबडी तिकडं पैशावर बसलीय!"

तोवर मी मिळेल ते परदेशी नाणे डब्यात टाकीत असे. डबा भरला, पण कळले काहीच नाही. मग ठरवले, एकाच देशाची नाणी जमवायची आणि ती नीट वाचायची.

आयर्लंडवर इंग्रजांचे राज्य कित्येक शतके होते. १९२२ साली देशाच्या मोठ्या भागाचा कारभार तेथल्या लोकांच्या हाती आला. तरी बाजारात पैसा चाले तो इंग्लंडच्या राजाच्या तोंडाचा. म्हणून १९२६ साली सरकारने एक समिती नेमली. विल्यम बटलर येट्स हे मोठे कवी तिचे अध्यक्ष होते. नव्या नाण्यावर काय असावे? देश शेतकऱ्यांचा. तेव्हा शेतातली, रानातली आणि पाण्यातली जनावरे घ्यावीत, असे ठरले. काहींना हे रुचले नाही. नाण्यावर धर्माची खूण हवी, असे ते म्हणत. पण जनावरेच कायम राहिली.

पर्सी मेटकाफ या इंग्रज शिल्पकाराची चित्रे पसंत पडली. मग शेतीच्या जाणकारांनी वळू आणि डुकरीण पाहिली. त्यांनी खोट काढली. शिल्पकाराला दोन्ही चित्रे बदलावी लागली! १९२८ साली ही आठ नाणी निघाली :

फार्दिंग, म्हणजे पाव पेनी – लांब चोचीचा रानपक्षी
अर्धा पेनी – डुकरीण व पिले
पेनी – कोंबडी व पिले
तीन पेनी – ससा
सहा पेनी – शिकारी कुत्रा
शिलिंग – वळू
दोन शिलिंग – मासा
अडीच शिलिंग – घोडा

बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होई. आपल्याकडे १९५७ पूर्वी सोळा आण्यांचा रुपया होता. त्यातलाच हा प्रकार.

आता नाणे वाचू. पहिल्या नाण्यांवर आयरिश भाषेत 'आयर्लंडचे स्वतंत्र राज्य' असे लिहिले आहे. १९३७ साली देशाची नवी घटना झाली. १९३९ पासूनच्या नाण्यांवर नुसते 'आयर्लंड' असे नाव आले. एक शब्द गळला, त्यातून इतिहास कळतो. धातूही बोलतो. १९४३ पर्यंत वरच्या तीन नाण्यांत चार भागांपैकी तीन भाग चांदी होती. १९५१ पासून चांदी गेली. १९४३ सालची दोन आणि अडीच शिलिंगांची नाणी बहुतेक वितळवली गेली. म्हणून ती आज फार दुर्मिळ आहेत.

१५ फेब्रुवारी १९७१ रोजी तेथे शंभर पेनींचा पौंड झाला. १ जानेवारी २००२ पासून युरो हे नाणे चालू झाले. जनावरे गेली, हार्प तेवढे राहिले. कोंबडी आता बाजारात दिसत नाही. जमवणाऱ्याच्या घरीच ती जपली जाते.

माझी एक चूक सांगतो. शिलिंगाचे एक नाणे काळे पडले होते. मी ते चिंच आणि राख लावून घासले. लखलखीत झाले, पण वळूच्या अंगावर ओरखडे उठले आणि नाण्याची किंमत गेली. तेव्हा नाणे घासू नये. कडेने धरावे. कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे. पाकिटावर देश, साल आणि ते कोठून मिळाले हे लिहावे. आणि छंद गाठीच्या पैशात करावा. त्यासाठी कर्ज काढू नये.

तुम्हाला आता अक्षर कळते. मग हातातले नाणेही नुसते मोजू नका, वाचा.

करून पाहा
१. तुमच्याजवळचे एक नाणे घ्या. त्यावरचे साल वाचा.
२. त्यावर कोणती चित्रे आहेत? ती का घेतली असतील?
३. आपल्या गावचे नाणे काढायचे झाले, तर त्यावर तुम्ही काय घालाल? चार ओळी लिहा.