लपलेली कावीळ



आपल्या पाड्यांवरील ज्या भावाबहिणींच्या किडन्या निकामी झाल्या आहेत, त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी शहराची वाट धरावी लागते. दर वेळी सुमारे चार तास त्यांचे रक्त यंत्रातून फिरून स्वच्छ होते. हिपॅटायटिस बी, म्हणजे पुष्कळ लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात ती, रक्तातून पसरते. म्हणून डायलिसिसपूर्वी तिची तपासणी होते. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण तो कागद नेहमीच पूर्ण खात्री देत नाही, हा या अंकाचा धडा आहे.

तपासणीतून काय सुटते?

नेहमीची तपासणी विषाणूच्या बाहेरील आवरणाचा अंश रक्तात शोधते. हा अंश प्रथम सापडला तो ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात. डॉ. बरूक ब्लमबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली तो शोध मांडला. त्यातूनच पुढे तपासणी आणि लस जगाला मिळाली.

परंतु काही जणांमध्ये विषाणू यकृताच्या पेशींत दडून राहतो आणि रक्तात त्याचा अंश फारच थोडा उतरतो. डोळे पिवळे होत नाहीत, रिपोर्टही निगेटिव्ह येतो. डायलिसिसच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती आधीच कमी असते. पुढे किडनी बदलली आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाली, तर दडलेला विषाणू पुन्हा डोके वर काढू शकतो.

आपण काय करावे?

१. किडनीचा आजार कळताच डॉक्टरांना लसीबद्दल विचारा. डायलिसिसच्या रुग्णांना लसीची मात्रा जास्त लागते. लस लागू पडली की नाही, हेही रक्त तपासून पाहावे लागते.

२. पूर्वी संसर्ग होऊन गेला होता का, हे दाखवणारी वेगळी तपासणी असते. गरज असल्यास विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणीही करतात. किडनी बदलण्यापूर्वी याविषयी जरूर विचारा.

३. हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून रिपोर्ट काहीही असो, प्रत्येक रुग्णासाठी नवे हातमोजे आणि स्वच्छ पुसलेली खुर्ची हवीच.

४. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस द्यावा. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. घरी बाळंतपण झाले तर आशाताईंना ताबडतोब कळवा.

मंडळीसाठी

हा आजार एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्याने पसरत नाही. तरीही रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला की माणसाचे ताट वेगळे केले जाते. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावून बरे केले, त्याला दूर लोटले नाही. चांगल्या शोमरोनीनेही जखमा बांधण्यापूर्वी त्या माणसाची जात विचारली नाही. खबरदारी प्रत्येकाच्या बाबतीत सारखीच घ्यावी आणि प्रीतीतही भेद करू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील कोण डायलिसिसला जाते? त्यांच्यासोबत या महिन्यात कोण जाईल?

२. आजारामुळे आपण कोणाचे ताट वेगळे केले आहे का?

प्रार्थनेचा विषय: डायलिसिसचे रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका.