सोबत्याच्या नावाने कागद करून ठेवा

लेकरांनो, आर्वी आणि वर्ध्याच्या निबंधक कचेरीबाहेर मी जन्मभर दस्त लिहिले. माणूस गेला की तेरवीच्या आधीच सातबाऱ्याची चौकशी सुरू होते, हे किती तरी घरांत पाहिलं. म्हणून दोघी-दोघी किंवा दोघे-दोघे मिळून संसार करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माझ्या धंद्यातलं चार शब्दांचं शहाणपण देऊन ठेवतो.

कायद्यात आपण कुठे आहोत ते ओळखा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने तुमचं नातं गुन्ह्यातून बाहेर काढलं. पण १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात लग्नाचा हक्क दिला नाही. २०२१ संपता संपता नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी थाटात साक्षगंध केलं. मन भरून आलं, पण साक्षगंधाने वारसा लागत नाही. अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला, तर पहिला हक्क आईचा. ती नसेल तर वडील, मग भाऊ-बहिणी. अविवाहित बाई गेली, तर आई-वडील आणि त्यांच्यानंतर वडिलांचे वारस. वीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या सोबत्याचं नाव या यादीत कुठेच नाही. आणि घरच्यांच्या दबावाखाली कधी काळी लग्न लावून दिलं असेल, फारकत झाली नसेल, तर वारसांच्या पहिल्या रांगेत तो नवरा किंवा ती बायको बसते. कोर्टाचा हुकूम आधी मिळवा.

मृत्युपत्र करा, दोघांनीही वेगवेगळं. त्याला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. तुम्ही सही करताना दोन साक्षीदारांनी पाहावं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार वयाने तुमच्याहून लहान घ्या, कारण उद्या कोर्टात उभं राहायचं आहे ते त्यांनी. एक साक्षीदार डॉक्टर असला तर उत्तम. त्याच दिवसाचा ‘शुद्धीत आहे’ असा दाखला सोबत जोडा. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. भाऊबंद भांडायला उठले की नोंदणीचा मोठा आधार होतो.

मजकुरात सोबत्याचं पूर्ण नाव, वय, पत्ता लिहा. ‘पत्नी’ किंवा ‘पती’ लिहून समोरच्या वकिलाच्या हाती कोलीत देऊ नका; ‘माझी जोडीदार, अमुक सालापासून माझ्यासोबत राहते’ असं लिहा. भावाला का देत नाही, याचं एक सरळ वाक्य टाका. घराची चतुःसीमा, खाते क्रमांक, दागिने सगळं उतरवा आणि अंमलबजावणीसाठी एक व्यवस्थापक नेमा.

नॉमिनीवर विसंबू नका. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडप्याला संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. हे लगेच करून घ्या. पण नॉमिनीच्या हातात पैसा येतो, मालकी येत नाही. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातल्या शेअर्सच्या वादातही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३मध्ये हेच सांगितलं. विम्याच्या कायद्यात आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं यांनाच नॉमिनी म्हणून मालकीचा लाभ मिळतो. म्हणून बँक आणि विम्याच्या फॉर्मवर जे नाव, तेच मृत्युपत्रात हवं.

शेतीचं जपून करा. आपल्या विदर्भात १९५८चा वेगळा कूळकायदा आहे आणि शेतकरी नसलेल्याच्या नावे शेतजमीन करायला त्यात अडसर आहे. गुजरातच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये मृत्युपत्रालाही तशी बंदी लागू केली. सोबत्याच्या नावे आधीच शेती आहे का, तुमचा सातबारा भोगवटादार वर्ग १ आहे की २, हे पटवाऱ्याकडून बघून वकिलाला विचारा. वडिलोपार्जित जमिनीत फक्त तुमचा हिस्सा देता येतो, हेही ध्यानात ठेवा.

घर दोघांच्या नावे घेतलेलं बरं. खरेदीखतात हिस्सा स्पष्ट लिहा. हयातीत बक्षीसपत्र केलं, तर मुद्रांक शुल्कात पती-पत्नीची सवलत तुम्हाला मिळत नाही आणि ५० हजारांवरच्या बक्षिसावर घेणाऱ्याला प्राप्तिकर लागू शकतो. मृत्युपत्राने आलेल्या मालमत्तेवर हा कर नाही.

नोकरीचे फॉर्म काढून वाचा. भविष्य निर्वाह निधीत तुमचं ‘कुटुंब’ असेल, म्हणजे लग्नाचा जोडीदार, मुलं किंवा तुमच्यावर अवलंबून आई-वडील, तर नाव त्यांच्यापैकीच लागतं. यातलं कोणी नसेल तर सोबत्याचं नाव चालतं. सरकारी नोकरीचं कुटुंब निवृत्तिवेतन मात्र आज सोबत्याला मिळत नाही. त्याची भरपाई आतापासून करा: वेगळा विमा, वेगळी ठेव, आणि दोन्ही मृत्युपत्रात.

दवाखाना आणि मरण. सेवाग्रामला किंवा सावंगीला भरती व्हायची वेळ आली, तर हातात कागद असू द्या: उपचाराविषयीची इच्छा, दोन साक्षीदार आणि नोटरीसह. मुखत्यारपत्रही करा, पण देणारा गेला की मुखत्यारपत्र संपतं. त्यानंतर त्यावर पैसे काढलेत तर गुन्ह्यात अडकाल. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात देता यावं, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने २०२४मध्ये राज्यांना कळवलं आहे. त्या पत्राची प्रत फाईलमध्ये ठेवा. रेशनकार्डावरही एकाच घरात धरण्याची सूचना त्याच वर्षी निघाली. ते कार्ड काढा. एकत्र राहिल्याचा तो चांगला पुरावा आहे.

वकिलाची फी झेपत नसेल, तर वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि कमी उत्पन्नवाल्यांना तिथे फुकट मदत मिळते. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

लग्नाचा कायदा येईल तेव्हा येईल, आणि तो यावा असं मला मनापासून वाटतं. तोवर मृत्युपत्रच तुमच्या संसाराची राखण करणार आहे. दोघंही धडधाकट आहात तोवरच ते करा, कारण आजारपणात केलेल्या सहीवर पहिला संशय येतो. मूळ प्रत कुठे आहे ते सोबत्याला आणि आणखी एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा.