पांढऱ्या सायकलीचे पंधरा युरो

त्या पंधरा युरोंचा हिशेब मला अजून मिळालेला नाही. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा "काकू, ते पॅकेजमध्ये होतं" एवढंच उत्तर आलं. लेकीकडे नाहीतर मुलाकडे नेदरलँड्सला येणाऱ्या माझ्यासारख्या आयाबायांना उद्या कुणी 'जंगलातली निवांत सायकल सहल' म्हणून नाव नोंदवायला लावलं, तर पैसे देण्याआधी त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

होखे व्हेलुवे राष्ट्रीय उद्यानात मला जायचं होतं ते क्रोलर-म्यूलर संग्रहालयासाठी. सांगलीत एकतीस वर्षं मी चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना रंगसंगती समजावताना एका जुन्या कॅलेंडरचं पान फळ्यावर लावत असे. रात्रीचा कॅफे, पिवळं छत, वर तारे. काळा रंग न वापरता रात्र कशी रंगवायची, हे त्या पानावरून किती मुलांना दाखवलं असेल याची गणतीच नाही. व्हॅन गॉगचं 1888 मधलं ते चित्र याच संग्रहालयात आहे, आणि त्याच्याबरोबर त्याची आणखी जवळजवळ नव्वद चित्रं. म्हणून ग्रुपवर सहलीचा मेसेज आला तेव्हा लेकीला मीच म्हटलं, नाव दे. माणशी 95 युरो. त्यात बस, प्रवेश, संग्रहालय, मार्गदर्शक आणि 'सायकल भाडे 15 युरो' अशी फोड दिली होती. वार सोमवार. "सोमवारी गर्दी नसते काकू, रान आपलंच." लेकीचं ऑफिस, त्यामुळे ती येणार नव्हती.

आम्ही चौदाजण होतो, बहुतेक सगळे कुणाचे ना कुणाचे आईवडील. बस स्खार्सबर्खनच्या फाटकाशी थांबली. तिथे पांढऱ्या सायकलींच्या रांगाच रांगा. उद्यानात अशा जवळजवळ 1,800 सायकली आहेत. सगळ्या सारख्या, साध्या, गिअर नसलेल्या. आमचे आयोजक त्यांच्यासमोर उभे राहिले आणि घरच्या सायकली वाटाव्यात तशा एकेकाला बोलावून देऊ लागले. तेवढ्यात शेजारून एक डच आजी नातवाला घेऊन आली, पुढच्या बाजूला खुर्ची असलेली सायकल ओढून काढली, सीट खाली केली, नातवाला बसवलं आणि निघाली. कुणी काही विचारलं नाही, तिने कुणाला काही दिलं नाही. मी आयोजकांना विचारलं, "यांचं भाडं कुठे घेतात?" ते म्हणाले, "त्यांचे वर्षाचे पास असतात." मी विश्वास ठेवला.

आता ब्रेकचं नीट सांगते, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. या सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो. पेडल मागे दाबलं की चाक थांबतं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या सवयी किती खोल गेलेल्या असतात! सायकलवर बसताना आपण पायाने पेडल उलटं फिरवून वर आणतो आणि मग जोर देतो. इथे ते उलटं फिरतच नाही. प्रत्येक थांब्यावर सायकल थोडी पुढे ढकलून पेडल वर आणावं लागतं. उतारावर पाय सैल सोडून पेडल मागे फिरवत बसण्याची सवयही इथे चालत नाही, कारण तिथे ब्रेक लागतो. आणि घाबरल्यावर बोटं आपोआप ब्रेक शोधतात, तर मुठीखाली नुसती नळी. म्हणून फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं सराव करा. दहा वेळा चढा, दहा वेळा थांबा. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकतील. तिथल्या सायकली उंच माणसांच्या मापाच्या असतात, पण सीट खालीवर करता येते आणि लहान मापाच्याही असतात. शोधा, मिळेल ती घेऊ नका.

आम्हाला दोन मिनिटंही दिली नाहीत. स्खार्सबर्खनपासून संग्रहालय दहाएक किलोमीटर लांब आहे, तेही तिथे पोचल्यावर कळलं. ओटरलोच्या फाटकातून ते अडीच-तीन किलोमीटरवर आहे. साठी ओलांडलेल्या माणसांना घेऊन जाताना कुठलं फाटक निवडायचं, हे दोनदा सहली आणलेल्या माणसाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

रान मात्र सुंदर आहे, त्यात काही खोट काढणार नाही. पाइनची सरळ उभी झाडं, मधूनच मोकळा माळ, आणि एका वळणावर झाडं संपून एकदम वाळवंटच लागतं, पांढरी बारीक वाळू, वाऱ्याने सरकणारी. सायकलींची वाट वेगळी आहे. मोटारी आत येतात, पण त्यांच्या रस्त्यावरून. वाटांच्या फाट्यांवर जमिनीलगत अळंबीच्या आकाराचे ठेंगणे खांब असतात, त्यावर गावांची नावं आणि अंतरं. एक लक्षात ठेवा, उजवीकडून चालवायचं. मागून घंटी वाजली की आपण सवयीने डावीकडे सरकतो आणि नेमके मागच्याच्या पुढ्यात येतो. माझ्याबरोबरच्या एका आजोबांचं तसंच झालं. थोडक्यात वाचले.

मी पडले ती वाळूपाशी. हलका उतार होता, वाटेवर वाळू पसरलेली, पुढे कुणीतरी अचानक थांबलं. बोटांनी ब्रेक शोधला, मग आठवलं, मग पेडल एकदम पूर्ण मागे दाबलं. मागचं चाक जाम झालं आणि सायकल आडवी झाली. गुडघा सोलला, पंजाबीचा पाय फाटला. आयोजक मागे वळून म्हणाले, "काकू, सायकल येत नसेल तर आधी सांगायचं ना." सगळ्यांसमोर. एकतीस वर्षं रोज शाळेत सायकलने गेलेल्या बाईला. गुडघा आठवड्यात बरा झाला, ते वाक्य अजून बरं झालेलं नाही.

पाणी, टोपी, जाडजूड बूट वगैरे घ्याच, ते कुणीही सांगेल. पण पिशवी सायकलवर ठेवून पाच मिनिटंही कुठे जाऊ नका. या सायकलींना कुलूप नसतं, आणि त्या कुणा एकाच्या नसतात. तुम्ही उतरलात की ती पुढच्याची. गुडघा धुवायला मी पाच मिनिटं गेले, परत आले तर सायकल नाही, आणि तिच्यावरची पिशवीही नाही. थालीपिठाचा डबा, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या. ज्याने नेली त्याची चूक नाही, इथली रीतच ती आहे. पण ही रीत सांगण्याचे पैसे आम्ही मार्गदर्शकाला दिले होते.

आणि मग संग्रहालय. झाडांतून ते दिसलं तेव्हा दुखणं विसरले होते. फाटक बंद. आयोजक म्हणाले, "मेंटेनन्स दिसतंय आज. चला, इथेच ग्रुप फोटो काढू." सगळे उभे राहिले. माझी नजर त्यांच्या खांद्यावरून मागच्या पाटीवर गेली. डच भाषा मला येत नाही, पण वारांची नावं लेकीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून ओळखीची झाली होती. मंगळवार ते रविवार. सार्वजनिक सुट्टीचा सोमवार सोडला तर हे संग्रहालय सोमवारी बंदच असतं. मेंटेनन्स कसला? मी पाटीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "काकू, बाकीच्यांचा मूड घालवू नका." त्याच क्षणी मला सकाळची ती आजी आणि नातू आठवले. मी तशीच लंगडत माहिती केंद्रात गेले आणि तिथल्या मुलीला इंग्रजीत विचारलं की पांढऱ्या सायकलीचं भाडं किती. तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, उद्यानाचं तिकीट काढलं की सायकल फुकट, सगळ्यांना, कायम.

चौदा माणसं, पंधरा युरो. गुणाकार तुम्हीच करा. 1965 मध्ये ॲमस्टरडॅमच्या तरुणांनी पांढऱ्या सायकली सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवायची कल्पना मांडली होती. शहरात ती टिकली नाही, या उद्यानात टिकली. सगळ्यांसाठी फुकट असलेल्या वस्तूचं भाडं आपल्याच माणसाने आपल्याच माणसांकडून घ्यावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. संग्रहालयाचे पैसे "पुढच्या सहलीत वळते करू" म्हणाले. म्हणून सांगते, आगाऊ पैसे देऊ नका. दिलेच तर प्रत्येक रकमेपुढे कशाचे ते लिहून घ्या, आणि संग्रहालय कोणत्या वारी उघडं असतं ते स्वतः बघा.

खरं तर सहलीची गरजच नाही. एडे-वाखेनिंगेनला नाहीतर आपेलडोर्नला गाडीतून उतरायचं, ओटरलोची बस धरायची. उद्यानाचं आणि संग्रहालयाचं अशी दोन तिकिटं लागतात, कारण संग्रहालय उद्यानाच्या आतच आहे.

पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी, लेकीने रजा काढली आणि आम्ही दोघी अशाच गेलो. माहिती केंद्रात पिशवी जपून ठेवलेली होती, चष्मा, गोळ्या सगळं जागच्या जागी, आणि डबा कुणीतरी धुवून ठेवला होता. चित्रापुढे पाऊण तास उभी होते. त्या पिवळ्यात लिंबाची हिरवट झाक आहे, माझ्या कॅलेंडरच्या पानावर ती कधी उतरलीच नव्हती. इतकी वर्षं मुलांना मी चुकीचा पिवळा दाखवला.

येताना दोन्ही तिकिटांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. एक उद्यानाचं, एक संग्रहालयाचं. सायकलीचं तिकीट नाही. मेसेज त्यांनी वाचल्याचं दिसतं आहे, उत्तर नाही.